टाकीवरचा ‘सी’

जुन्या फोटोतली फटफटी ओळखायची असेल तर सुरुवातीला तिच्यावर बसलेल्या माणसाकडे बघू नये. त्याच्याकडे बघितलं की नजर तिथेच अडकते. चेहरा कोणावर गेलाय, कपाळ आपल्याकडचं की आजोळचं, यातच सगळे गुंततात आणि गाडी राहून जाते. आमच्या घरी ती वर्षानुवर्षं राहूनच गेली होती.

फोटोत माझे थोरले आजोबा आहेत, म्हणजे आजोबांचे सख्खे मोठे भाऊ. खाकी अर्धी विजार, कपाळावर चढवलेला गॉगल, दंडाला एक पट्टी, मागे दगडी भिंत. फोटोच्या पाठीवर अक्षरही नाही. त्यात नवल नाही, कारण दुसऱ्या महायुद्धात सैनिकाला आपला ठावठिकाणा लिहायची मुभाच नव्हती. इटलीतल्या फौजेच्या पत्रांवर पत्ता म्हणून ‘सी.एम.एफ.’ ही तीन अक्षरं यायची, बस. ते इटलीत लढले एवढं घरात सर्वांना ठाऊक होतं. गाडीबद्दल मात्र ज्याचं त्याचं मत होतं. आत्या ठामपणे हार्ले म्हणायची, चुलतभाऊ तितक्याच ठामपणे बुलेट.

हार्लेचा निकाल लगेच लागतो. अमेरिकी सैन्याच्या हार्ले डब्ल्यूएलएला इंग्रजी ‘व्ही’सारखे फाकलेले दोन सिलिंडर असतात आणि आमच्या फोटोत सिलिंडर एकच आहे. मग पुढचा फोर्क बघायचा. चाकाच्या दोन्ही अंगांना पोलादी नळ्यांची चौकट आणि हँडलखाली जाड स्प्रिंग दिसली, तर तो गर्डर फोर्क, आणि आमच्या फोटोत तोच आहे. मॅचलेसच्या जी३एलला १९४१ पासून आजच्यासारखा टेलिस्कोपिक फोर्क आला, तेव्हा तीही बाद. त्यानंतर इंजिनाचं डोकं. व्हॉल्व्ह वर असतील तर सिलिंडरच्या बाजूने पुशरॉडच्या नळ्या वर चढलेल्या दिसतात आणि डोकं उंच असतं. इथे नळ्या नाहीत, डोकं बसकं, फक्त पंखे पाडलेलं. म्हणजे साइड व्हॉल्व्ह, आणि बुलेटही बाद.

आता प्रामुख्याने दोन नावं उरतात. बीएसए एम२० आणि नॉर्टन १६एच. पहिली ४९६ सीसीची, दुसरी ४९० सीसीची. एम२०च्या सव्वा लाखाच्या आसपास गाड्या निघाल्या, बर्मिंगहॅमच्या ब्रेसब्रिज स्ट्रीटवरच्या नॉर्टनने युद्धासाठी जवळजवळ एक लाख गाड्या दिल्या. उजवीकडून दोघी बहिणी-बहिणी वाटतात. पण नॉर्टनचा मॅग्नेटो साखळीवर चालतो, आणि त्या साखळीचं झाकण इंजिनापासून मागे निमुळतं जातं. त्याच्यावर कंपनीचं नाव तिच्या वळणदार अक्षरात ओतलेलं असतं. भिंग धरल्यावर आमच्या फोटोत त्या नावाचं पहिलं अक्षर आणि त्याचा लांब फरकाटा दिसतो. हीच खूण निर्णायक ठरली. गाडी नॉर्टन.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. असे फोटो हल्ली लोक मोबाइलमधल्या एखाद्या ॲपमध्ये घालून ‘स्वच्छ’ करून घेतात. चेहरा उजळतो, रंग चढतात, घरातल्यांना आनंद होतो. पण जिथे फोटोत नुसता करडा डाग होता तिथे ते ॲप स्वतःच्या मनाने बोल्ट बसवतं, झाकणावर भलतीच अक्षरं उमटवतं, पट्टीचा रंग ठरवून टाकतं. जे पुसट होतं ते पुसट राहिलं तरच त्यातून काही शोधता येतं. मूळ प्रत न कापता, कडांसकट, मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन करा आणि ती फाइल तशीच ठेवा. प्रत उलटी छापली गेली आहे का, हेही बघा. त्या काळच्या या ब्रिटिश गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो आणि पुरुषाच्या शर्टाची बटणंही उजवीकडेच. दोन्ही डावीकडे दिसली तर निगेटिव्ह उलटी पडली असं समजावं.

वर्षही गाडीच सांगते. १९४२ च्या सुरुवातीला मलाया जपानच्या हातात गेला आणि ब्रिटनचा रबराचा मोठा पुरवठा तुटला. मग हँडलच्या मुठी कॅनव्हासच्या आल्या आणि फुटरेस्टवरचं रबर जाऊन खाचा पाडलेलं उघडं लोखंड आलं. आमच्या फोटोत थोरल्या आजोबांचा बूट ज्याच्यावर टेकलाय ते उघडं लोखंड आहे. आग्नेय आशियात हरलेल्या लढाईची खूण इटलीतल्या एका शिपायाच्या पायाखाली सापडते, हे मला आजही विलक्षण वाटतं. टाकीवर पांढऱ्या रंगात ‘सी’ आणि पुढे आकडे आहेत. ब्रिटिश लष्करी मोजणीत ‘सी’ म्हणजे मोटरसायकल, ‘एल’ म्हणजे लॉरी. आमचे शेवटचे आकडे गुडघ्याआड गेलेत. ते दिसले असते तर गाडी कोणत्या कंत्राटातली, हेसुद्धा शोधता आलं असतं.

ही काही देखणी किंवा वेगवान गाडी नव्हती. वजन पावणेदोनशे किलोच्या घरात, ताकद जेमतेम चौदा-पंधरा अश्वशक्ती. पण इंजिन साधं, दाब कमी, हलक्या पेट्रोलवर चालणारं. डोक्याचे नट काढले की शिपाई रस्त्याच्या कडेला बसून काजळी खरवडू शकत होता. इटलीत ते करावंच लागे. भारताची आठवी डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये टारांटोला उतरली, नंतर चौथी आणि दहावीही आल्या. माघार घेणारे जर्मन पूल उडवत, रस्त्याच्या कडांना सुरुंग पेरत. तोफगोळ्यांनी टेलिफोनच्या तारा तुटत, डोंगरांच्या आड वायरलेस मुका होई. अशा वेळी कागद घेऊन जायला माणूस लागायचा. सैन्यात त्याला डीआर म्हणत, डिस्पॅच रायडर. उन्हाळ्यात पांढरी धूळ, शरदात गुडघाभर चिखल, रात्री झाकलेल्या दिव्याचा चिमूटभर उजेड.

गाडीचं सगळं जुळल्यावरच मी माणसाकडे वळलो आणि ती दंडावरची पट्टी नीट बघितली. घरात ती जखमेची मानली जायची. पण ती दोन छटांची आहे, वर फिकी आणि खाली गडद. सिग्नल्स दलाचे निरोपे निळी-पांढरी पट्टी बांधत, वाटेत कोणी अडवू नये म्हणून. म्हणजे हे दुसऱ्याच्या गाडीवर बसून हौसेने काढून घेतलेलं छायाचित्र नव्हे. ते डीआर होते. युद्धावरून आल्यावर त्यांनी शेती केली, आणि घरातल्या एकाही पोराने त्यांना कधी दुचाकीवर बसलेलं पाहिलं नाही.

त्याच इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे एकटे मशिनगनवर चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावला त्यांचा पुतळा आहे. सांग्रो नदीकाठच्या आणि फोर्लीच्या युद्धस्मशानांत आपल्या जवानांची नावं दगडावर कोरलेली आहेत. तिथे पडलेल्यांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ठेवतं आणि ती कोणालाही बघता येते. जे धडधाकट परतले, गावाला येऊन नांगराला लागले, त्यांची घरबसल्या चाळता येईल अशी यादी मला कुठे सापडली नाही. लोखंडाचा मात्र हिशोब आहे. कंत्राटं, आकडे, सुट्या भागांची पुस्तकं, सगळं हौशी मंडळींनी जिवापाड जपलंय, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पंचवीस लाख हिंदी माणसं त्या युद्धात स्वतःहून भरती झाली होती. त्यांतल्या बहुतेकांचा हिशोब घरोघरच्या ट्रंकांत आहे, आणि ट्रंका भंगारात चालल्या आहेत.

तेव्हा तुमच्याकडे असा फोटो असेल तर आधी डिस्चार्जचं पुस्तक शोधा, पेन्शनचे कागद शोधा, शिपाई नंबर उतरवून घ्या, आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाशेजारी आजच जाऊन बसा. गाडीचं नाव दहा वर्षांनीसुद्धा सापडेल.