लाल बॅटरी

गळीत हंगाम लागला की देवळाली प्रवरेच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, आणि थोड्याच दिवसांत त्यांची लेकरं आमच्या दवाखान्यात येऊ लागतात. जुलाब-उलट्यांनी सुकलेली, डोळे खोल गेलेली. जलसंजीवनी पोटात टिकत असेल तर सलाईन लागतच नाही. पण घोटभर पाणीही ज्याच्या पोटात राहत नाही, त्याची शीर मिळायलाच हवी. अंगातलं पाणी आटलं की शिराही चपट्या होतात. रबरी नळी बांधा, टिचक्या मारा, हात खाली सोडा, शीर वर येत नाही. आई काकुळतीला येते, "सिस्टर, आता नका टोचू."

आमच्याकडे रात्री उसाला पाणी द्यायला निघालेला प्रत्येक जण बिबट्याच्या भीतीने बॅटरी घेऊनच जातो. शीर दिसते का बघायला तसलीच एक बॅटरी मी आधी लेकराच्या तळहाताखाली धरली. पांढऱ्या उजेडाने हात उजळला, पण शीर काही वेगळी दिसेना. मग काचेवर रंगीत जिलेटिन कागद लावून पाहिले. निळा आणि हिरवा उजेड कातडीतच अडकला. लाल कागदातून उजेड मंदच आला, कारण पांढऱ्या एलईडीत मुळात लाल अंश कमी असतो. शेवटी गावातल्या इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीत लाल एलईडीच बसवून घेतले, आणि तळव्याच्या मागे काळसर रेघ उमटली.

लाल प्रकाश मांसातून बराच आत जातो. प्राणवायू देऊन परतणारं शिरेतलं रक्त मात्र तो शोषून घेतं, म्हणून सगळा हात लालभडक आणि शीर तेवढी काळी दिसते. सावळ्या कातडीतूनही लाल उजेड इतर रंगांपेक्षा बरा पार होतो. उन्हात रापलेल्या आमच्या लेकरांना त्याचा मोठाच फायदा.

बॅटरीने शीर शोधायची रीत हातात बसावी लागते. ट्यूबलाईट बंद करायची. बॅटरी आधी स्वतःच्या मनगटाला लावून तापली नाही ना ते बघायचं, कोवळी कातडी लगेच भाजते. बॅटरीच्या तोंडावर स्वच्छ हातमोजा चढवायचा. बॅटरी दाबून धरली तर शीर मिटून रेघ नाहीशी होते, म्हणून नुसती टेकवायची. दोन रेघा जिथे मिळतात तिथली शीर फारशी सरकत नाही. मी तीच धरते आणि 24 नंबरची पिवळी सुई अगदी आडवी घालते. याच क्षणी दुसऱ्या सिस्टरने दिवा लावायला हवा, कारण लाल उजेडात सुईच्या मागच्या कप्प्यात आलेलं रक्त चटकन ओळखूच येत नाही.

शीर किती खोल आहे, हे मात्र बॅटरी सांगत नाही. ते बोटालाच कळतं, म्हणून नव्या मुलींना मी आधी डोळे मिटून शीर चाचपायला लावते, बॅटरी नंतर.

मोठ्या माणसाचा हात जाड असतो, त्यातून उजेड पुरेसा आरपार जात नाही. कोयता धरून घट्टे पडलेल्या बाईच्या हाताला मी बॅटरी कडेने तिरकी लावते. तेवढ्याने वरवरची शीर कधी दिसते, कधी नाही. नाही दिसली तर गरम पाण्याच्या फडक्याने हात शेकायचा, तो खाली सोडायचा आणि थांबायचं. थंडीत काकडलेल्या हाताच्या शिरा बहुतेक वेळा त्यानेच वर येतात.