चाळीसगावला एकदा उतराच

मुंबईहून भुसावळकडे जाणारी गाडी चाळीसगाव जंक्शनवर थांबते. धुळ्याकडे जाणारे उतारू बोचकी-पिशव्या घेऊन खाली उतरतात, चहावाल्यांची ओरड होते आणि गाडी पुढे निघते. दीक्षाभूमीला जाताना किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येताना आपल्यातील कितीतरी कुटुंबे या मार्गाने गेली असतील. परंतु मुलाबाळांसह मुद्दाम चाळीसगावला उतरून दोन दिवस काढले, असे सांगणारे कुटुंब विरळाच. तितूर आणि डोंगरी या नद्यांच्या काठचे जळगाव जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव. पाहण्यासारखे आणि मुलांना सांगण्यासारखे येथे पुष्कळ आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात स्टेशनपासूनच करावी. १९२९ साली पूज्य बाबासाहेब याच स्टेशनवर उतरले होते. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. धुळे मार्गावरील एका गावात अस्पृश्यांवर सामाजिक बहिष्कार पडला होता. त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. महारवाड्यातील मंडळी हार घेऊन स्टेशनवर उभी होती. मुक्कामाला चला, असा त्यांचा आग्रह होता. महारवाडा स्टेशनपासून दोनेक मैलांवर, नदीच्या पलीकडे. स्टेशनबाहेर टांगे पुष्कळ होते, तरीही बाबासाहेबांना तासभर ताटकळत बसावे लागले.

कारण नंतर कळले. अस्पृश्याला टांग्यात बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. बाबासाहेबांनी पायी चालत यावे हे आपल्या लोकांना पटेना. शेवटी तडजोड झाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. ज्याने कधी लगाम धरला नव्हता असा आपल्यातलाच एकजण पुढे बसला. नदीवरच्या फरशीला कठडे नव्हते, कडेला नुसते दगड रोवलेले होते. तेथे वळताना घोडा उधळला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोडा-टांगा नदीत कोसळला. ते बेशुद्ध पडले होते. बायाबापड्यांच्या आक्रोशात त्यांना महारवाड्यात नेले. त्यांच्या पायाचे हाड मोडले होते.

ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवली. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९९० साली, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्या. अमेरिकेत ज्या कोलंबिया विद्यापीठात ते शिकले, तेथील विद्यार्थीही आज त्या वाचतात. बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही टांगेवाला स्वतःला जातीने श्रेष्ठ समजत होता, हे बाबासाहेबांनी तेथे नोंदवले आहे. आपल्या माणसांनी मानापायी सुरक्षिततेचा विचार केला नाही, हेही त्यांनी लपवलेले नाही. मुलांना ही हकिगत सांगताना दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

स्टेशनजवळच दुसरे ठिकाण आहे, कलामहर्षी केकी मूस यांचे दगडी घर. २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत जन्मलेला हा पारशी कलावंत परदेशात कलेचे शिक्षण घेऊन चाळीसगावला आला आणि पुढे सुमारे पन्नास वर्षे या घरातच राहिला. बाहेर पडणे जवळजवळ नाहीच. ३१ डिसेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. घराला त्यांनी रेम्ब्रां या डच चित्रकाराचे नाव दिले होते. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश पाडून खऱ्याखुऱ्या देखाव्याचा भास निर्माण करायचा आणि त्याचे छायाचित्र घ्यायचे, यात त्यांचा हातखंडा होता. प्रेयसी येईल म्हणून ते रोज रात्री मेल गाडीची वाट पाहत, असे गावात सांगतात. त्यांची चित्रे, शिल्पे, छायाचित्रे आणि जमवलेल्या वस्तू या घरातील कलादालनात जपल्या आहेत.

अमेरिकेत टेक्सासच्या वाळवंटात मार्फा नावाचे असेच एक रेल्वेचे गाव आहे. १९७० च्या दशकात डोनाल्ड जड हा कलावंत न्यूयॉर्क सोडून तेथे राहायला गेला आणि आता जगभरचे कलाप्रेमी ते गाव पाहायला जातात. त्याच गावात ब्लॅकवेल नावाची शाळा आहे. मेक्सिकन वंशाच्या मुलांना तेथे वेगळे बसवत आणि त्यांच्या मायबोलीत, स्पॅनिशमध्ये, बोलू देत नसत. १९६५ साली ती बंद झाली. पुढे माजी विद्यार्थ्यांनी इमारत वाचवली, आठवणी गोळा केल्या आणि २०२२ साली कायदा होऊन ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली. कलावंताचे घर आणि अपमान सोसलेल्यांची शाळा, दोन्ही मिळून त्या गावाचा इतिहास पुरा होतो. चाळीसगावचेही तसेच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून पाटणला जावे. सातमाळा डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचे प्राचीन मंदिर आहे आणि भोवती गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचे जंगल. ‘लीलावती’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या गणित-ज्योतिषाच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून येथे मठ काढला होता. तसा शिलालेखच पाटणला आहे. त्यातील दान शके ११२८ चे, म्हणजे इ. स. १२०६-०७ च्या सुमाराचे आहे. त्या मठाची दारे कोणाला उघडी असतील आणि कोणाला बंद, असा प्रश्न मुलांना अवश्य विचारावा.

तेथून औट्रम घाट चढून कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याला जाता येते. ही बौद्ध लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची, म्हणजे देशातील फार जुन्या लेण्यांपैकी. दरीत पायऱ्या उतरून गेले की चैत्यगृह, विहार आणि जोत्यावर ओळीने कोरलेले हत्ती दिसतात. दगड ठिसूळ, पाणी झिरपणारे, त्यामुळे बराच भाग ढासळला आहे. पण लेख वाचले गेले आहेत. पैठणच्या एका सुगंधी द्रव्याच्या व्यापारी घराण्याने खांब दिले. मगिल नावाच्या राजवैद्याने दान दिले आणि त्याची मुलगी दत्ता हिचेही नाव तेथे आहे. येथे सापडलेली हसऱ्या यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कण्हदास नावाच्या सोनाराने ती घडवली, असे तिच्या हातावरच कोरले आहे. दोन हजार वर्षांनंतर आपण एका कारागिराला नावाने ओळखतो, ते त्याने नाव कोरले म्हणून.

पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात. म्हाताऱ्या माणसांनी हिवाळ्यात यावे. पाणी आणि कळण्याची भाकरी-ठेचा सोबत घ्यावा.

एक दिवस हाताशी असेल तर धुळ्याला जावे. धुळ्याजवळ लळिंग किल्ल्याच्या परिसरात लांडोर बंगला आहे. न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आलेले बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी येथे मुक्कामाला होते. दरवर्षी ३१ जुलैला समाज तेथे जमतो आणि भीमस्मृती यात्रा भरते.

वाचक बंधु-भगिनींनो, सोनाराचे नाव आपल्याला ठाऊक आहे. पण १९२९ साली भेदरल्या हाताने तो टांगा हाकणारा कोण? बेशुद्ध बाबासाहेबांना उचलून नेणारी माणसे कोण? त्या रात्री दिवा घेऊन उशाशी कोण बसले? बाबासाहेबांच्या त्या लेखात त्यांची नावे नाहीत. त्या पिढीतले आज कोणी नाही, परंतु त्यांची नातवंडे-पणतवंडे चाळीसगावात आणि मुंबई-पुण्यात आहेत. आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेले जे काही आठवत असेल, ते त्यांनी वहीत लिहून ठेवावे. चाळीसगावला जाल तेव्हा तेथील वडीलधाऱ्यांजवळ तासभर बसा, विचारा आणि मुलांच्या हातात वही-पेन द्या. सहलीचे फोटो काढालच, पण ती वही जपून ठेवा.