साडेचौदा तासांचा हिशेब

वाचकहो, तुमच्या घरचे कोणी परदेशी असेल, तर त्याच्या प्रवासाचा हिशेब आजच कागदावर मांडून ठेवा. मी तो वेळेवर मांडला नाही.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत, नेवार्क शहराजवळ राहतो. आमचे घर सिंदेवाहीजवळ, धानाच्या बांध्यांना लागून. नेवार्क ते मुंबई सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. विमानाचा वेग ताशी नऊशेच्या आसपास. म्हणजे चौदा-साडेचौदा तासांचे काम. मला वाटे, हाक मारली की दुसऱ्या दिवशी भाऊ दारात!

रोवणीच्या दिवसांत एका रविवारी बाबांना ताप भरला. आई म्हणाली, "त्याला कळवायचे का रे?" मी म्हणालो, "उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला? उतरेल ताप." बुधवारी संध्याकाळी डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा कुठे फोन केला.

भावाला गुरुवारी रात्रीचे तिकीट मिळाले. रात्री ९ ला निघून दुसऱ्या रात्री ९ ला मुंबई. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. तिकडे उन्हाळा असला की आपले घड्याळ साडेनऊ तास पुढे, हिवाळ्यात साडेदहा. चोवीसातून साडेनऊ वजा करा, म्हणजे साडेचौदा उरतात.

पण हे झाले विमानतळ ते विमानतळ. उड्डाणाच्या चार तास आधी त्याने घर सोडले. मुंबईला उतरल्यावर नागपूरचे विमान पहाटे ६ चे. तोवर रात्र बाकावर काढली. तिथून नागपूर दीड तास. पुढे उमरेड, भिवापूर, नागभीड करत सिंदेवाही, पावसात तीन तास. शनिवारी ११ वाजता तो अंगणात आला. दारापासून दारापर्यंत साडेबत्तीस तास झाले होते.

बाबा शुक्रवारी दुपारी गेले. तेव्हा भाऊ आकाशात होता. आषाढातला पाऊस, देह ठेवणे शक्य नव्हते. संध्याकाळीच अग्नी दिला. भावाच्या वाट्याला राख आली.

मी रविवारीच कळवले असते, तर सोमवारी रात्री निघून तो बुधवारी ११ वाजता पोचला असता. बुधवारी बाबा बोलत होते. दोनदा त्याचे नाव घेतले होते.

भावाने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. तेरवी आटोपून जाताना एवढेच म्हणाला, "दादा, आईला साधा खोकला झाला तरी सांगत जा. यायचे की नाही, ते मी ठरवीन."

वाचकहो, काळजी वाटू नये म्हणून आपण दुखणे लपवतो. ती माया नव्हे. दूरच्या लेकराला वेळ लागतो, म्हणून त्याला आधी सांगावे. आता आमच्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी त्याचा फोन नंबर लिहिला आहे. त्याखाली आकडा आहे: साडेबत्तीस तास, आणि तिकिटाचा एक दिवस वेगळा.