पाठ असलेला रस्ता

जर्मनीच्या आयफेल डोंगरात न्यूर्बुर्ग नावाचं चिमुकलं गाव आहे. गावाच्या डोक्यावर पडका किल्ला, आणि गाव-किल्ला दोन्हींना वेढून जंगलातून जाणारा 20.832 किलोमीटरचा रस्ता: नॉर्डश्लायफं. भागातल्या बेकारांना काम मिळावं म्हणून 1925 मध्ये त्याचं बांधकाम सुरू झालं, 1927 मध्ये त्यावर मोटारींच्या शर्यती. प्रस्तुत लेखकाच्या भाच्याला हा रस्ता नाशिकला, शाळेत असताना पाठ झाला. पाढे त्यानंतर पाठ झाले, असं त्याची आई म्हणते.

करामत प्लेस्टेशनची. 2004 च्या अखेरीस जपानात निघालेल्या ‘ग्रॅन टुरिस्मो 4’ या मोटारशर्यतीच्या गेमने त्या मालिकेत हा ट्रॅक पहिल्यांदा आणला. पुढे भाचा नोकरीसाठी कोलोनला गेला, आणि तिथून हा ट्रॅक तासा-सव्वातासावर आहे हे कळल्यावर मामाला बोलावणं आलं.

शर्यत किंवा कंपन्यांच्या चाचण्या नसतील तेव्हा हा ट्रॅक चक्क टोलरस्ता असतो. लायसन्स दाखवा, फेरीचे पैसे भरा, फाटक उघडतं. एकाच दिशेने जायचं, ओव्हरटेक फक्त डावीकडून, आणि घड्याळ लावून वेळ मोजायला मनाई. गाडी गावातच भाड्याने मिळाली. लाल फेरारीचं स्वप्न पाहत मोठा झालेला भाचा प्रत्यक्षात बसला सुझुकी स्विफ्टमध्ये! स्पोर्ट मॉडेल, पण स्विफ्टच.

हाट्सनबाखच्या नागमोडी वळणांत गाडी शिरली आणि त्याची पाठांतराची परीक्षा सुरू झाली. “आता डावं, लगेच उजवं. दिसत नाही, पण आहे.” खरंच होतं. डांबरावर प्रेक्षकांनी रंगवलेली नावंसुद्धा त्याला ओळखीची वाटत होती. मामा मात्र दाराचं हँडल धरून बसला होता.

पोरगा गडबडला तो उतारावर. या रस्त्याच्या सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या जागेत सुमारे 300 मीटरचा फरक आहे. टीव्हीच्या पडद्यावर तो सगळा चपटा होतो. फुक्सरोरं नावाचा उतार गेममध्ये अॅक्सिलरेटर दाबून धरायची जागा; इथे तो झाडांमधल्या विहिरीसारखा समोर उघडला, आणि भाच्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. तळाशी पोट खाली ओढलं जातं, लगेच पुढे चढ. कारुसेल या गोल, काँक्रीटच्या वळणावर हातातला कंट्रोलर नुसता थरथरतो. प्रत्यक्षात लाद्यांच्या प्रत्येक सांध्यावर दात आपटतात. शिवाय मागून पोर्शे येतात. उजवा इंडिकेटर देऊन बाजूला व्हायचं, हे गेमने कधी शिकवलं नव्हतं.

बेर्गवेर्क या वळणाच्या अलीकडे 1 ऑगस्ट 1976 रोजी फॉर्म्युला वन ड्रायव्हर निकी लाउडाची फेरारी पेटली होती. तो वाचला, फॉर्म्युला वन मात्र या रस्त्यावर पुन्हा आली नाही. गाडी तिथून जाताना भाचा पहिल्यांदाच गप्प होता.

गेममधून खऱ्या शर्यतीत गेलेल्यांत नाव घ्यावं ते यान मार्डनबरोचं. खेळणाऱ्यांतून ड्रायव्हर निवडणारी ‘जीटी अकॅडमी’ त्याने 2011 मध्ये जिंकली आणि 2013 मध्ये ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत तो आपल्या गटात तिसरा आला. मार्च 2015 मध्ये याच ट्रॅकवर, फ्लुगप्लाट्सच्या चढावर, त्याची निस्सान हवेत उचलली गेली आणि कुंपणापलीकडे पडली. एक प्रेक्षक ठार झाला. त्याच्यावरच्या 2023 च्या ‘ग्रॅन टुरिस्मो’ चित्रपटात हा अपघात ल माँच्या आधी घडतो, म्हणजे नायकाला खचून पुन्हा उभं राहता येतं. एका माणसाचं मरण पटकथेच्या सोयीने दोन वर्षं मागे सरकवलेलं प्रस्तुत लेखकाला खटकलं, आणि तिथे गेल्यावर जास्तच खटकलं.

रस्ता खरोखर अंगात मुरलेली माणसं वेगळी. झाबिने श्मिट्स याच भागात वाढली, 1996 आणि 1997 मध्ये इथली 24 तासांची शर्यत जिंकली आणि टीव्हीच्या कार्यक्रमासाठी फोर्ड ट्रान्झिट ही मालवाहू व्हॅन घेऊन तिने दहा मिनिटांहून थोड्याच जास्त वेळात फेरी पुरी केली. 2021 मध्ये ती गेली. ट्रॅकच्या पहिल्या वळणाला आता तिचं नाव आहे.

भाच्याचा निकाल असा: गेमने वळणांचा क्रम शिकवला आणि तो उपयोगी पडला, वेग किती ठेवायचा हे शिकवलं नाही. जाणार असाल तर आधी ट्रॅकच्या वेळापत्रकात पर्यटकांचे दिवस पाहा. विमानतळावर घेतलेली भाड्याची गाडी इथे आणू नका, करारात बहुधा मनाई असते. आणि लोखंडी कठडा वाकला तर त्याचं बिल चालवणाऱ्यालाच येतं, तेव्हा पहिल्या फेरीला शेजारी तिथला प्रशिक्षक बसवा. मामा नको.