बोजा आणि कृपा

नांदगाव पेठ हे अमरावतीहून नागपूरकडे निघाल्यावर दहा-बारा किलोमीटरवर लागणारे महामार्गाकाठचे गाव. जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वरही आहे, त्यामुळे 'पेठ' म्हटल्याशिवाय गाव नीट कळत नाही. एका अंगाला औद्योगिक वसाहत, कापडाचे कारखाने आणि १,३५० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र. दुसऱ्या अंगाला काळी जमीन, तीत सोयाबीन, तूर आणि पऱ्हाटी. वीज केंद्राला पाणी येते ते ऊर्ध्व वर्धा धरणाचे, ज्या पाण्याकडे शेतकरीही डोळे लावून असतो. रस्त्यावर टोलनाका. दिवसभर ट्रक थांबतात, पैसे भरतात, पुढे जातात.

या गावाचा स्वभाव हिशेबाचा आहे. कारखान्यात पाळी मोजली जाते, केंद्रात वीज, नाक्यावर वाहने, बाजार समितीत क्विंटल. पाऊस किती झाला, हमीभाव किती, व्यापाऱ्याने किती कापले, कृषी केंद्राची उधारी किती राहिली, ही मोजणी संध्याकाळच्या बोलण्यातही संपत नाही. मार्चनंतर ऊन चढते, शेते उघडी पडतात, आणि मागच्या हंगामाचे राहिलेले देणे त्या मोकळ्या दिवसांत जास्त जाणवते. अशा ठिकाणी माणसाला आपला दोषही थकलेल्या देण्यासारखाच भासतो. घरात दारू आणली, बापाच्या दुखण्यात वेळेवर दवाखाना केला नाही, भावाचा वाटा दाबला, रागाच्या भरात बायकोवर हात उचलला. हे सगळे मनात कुठेतरी नावे पडलेले असते आणि त्यावर व्याज चढत जाते.

अमरावती, यवतमाळ, अकोला, बुलढाणा आणि वाशिम या जिल्ह्यांचे नाव गेली पंचवीस वर्षे शेतकरी आत्महत्यांशी जोडले गेले आहे. आत्महत्येनंतर शासकीय समिती प्रकरण तपासते आणि मदतीसाठी ते पात्र की अपात्र हे ठरवते. कर्ज कोणाचे, सातबारा कोणाच्या नावावर, थकबाकी होती की नव्हती, हे सगळे पाहिले जाते. शासनाला निकष लागतात, हे खरे. घरात मागे राहिलेल्यांची चौकशी मात्र वेगळीच चालू असते आणि तिला मुदत नसते. आपण त्या दिवशी का बोललो, आपल्याला कसे कळले नाही, हे प्रश्न आई, बायको, मुलगा वर्षानुवर्षे स्वतःला विचारत राहतात. त्यांतले बहुतेक प्रश्न त्यांच्यावर अन्याय करणारे असतात, तरी ते थांबत नाहीत. अशी टोचणी झोप आणि भूक घेऊन जाऊ लागली, तर तिला डॉक्टरांचे उपचार लागतात आणि ते वेळेवर घ्यायला हवेत. पण टोचणीत खऱ्या चुकीचा काही भाग असतो, तेव्हा औषधाने झोप लागली तरी चूक उरते. ख्रिस्ती श्रद्धेतली कृपेची कल्पना या उरलेल्या भागाशी बोलते.

येशूने ती कल्पना कर्जाच्या गोष्टीतूनच सांगितली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात एक राजा चाकरांचा हिशेब घ्यायला बसतो. एका चाकराकडे दहा हजार टॅलेंट निघतात. एक टॅलेंट म्हणजे साधारण सहा हजार दिवसांची मजुरी. म्हणजे दहा हजार टॅलेंट हे फेडता येईल असे कर्जच नव्हे. चाकर पाया पडतो आणि मुदत मागतो. राजा मुदत देत नाही, सगळे कर्जच सोडून देतो. बाहेर पडताच तोच चाकर शंभर दिवसांच्या मजुरीएवढे देणे असलेल्या सोबत्याची मान धरतो. कथेचा हा दुसरा भाग सांत्वनाच्या भरात वगळला जातो आणि तो वगळू नये. चाकराने मुदत मागितली, यावरून त्याला अजून आपण फेडू शकतो असे वाटत होते. ज्याला आपण फेडू असे वाटते, तो दुसऱ्याकडूनही फेडून घेतो.

वऱ्हाडात कर्ज आणि माफी समजायला सातबारा पुरेसा आहे. पीककर्ज काढले की उताऱ्यावर इतर अधिकारांच्या रकान्यात बँकेचा बोजा चढतो आणि जमीन आपली असूनही मोकळी राहत नाही. सातबारा कोरा करा ही मागणी इथल्या प्रत्येक आंदोलनात ऐकू येते. २०१७ च्या कर्जमाफीत दीड लाखाची मर्यादा होती, २०१९ च्या योजनेत दोन लाखांची. कर्ज कोणत्या तारखांमधले हवे हे ठरलेले होते, यादी होती, अंगठा होता. ख्रिस्ती शिकवणीतल्या क्षमेला रकमेची मर्यादा नाही आणि तारखेची अटही नाही. मात्र एक गोष्ट दोन्हींत सारखी आहे. माफ झालेले कर्ज हवेत विरत नाही. बँकेला ते कोणीतरी भरून देते. कर्जमाफीत ते सरकारी तिजोरीतून भरले जाते. ख्रिस्ती श्रद्धेनुसार इथे ज्याला देणे लागत होते त्यानेच ते वधस्तंभावर स्वतःच्या अंगावर घेतले. म्हणून या क्षमेत चूक लहान ठरवली जात नाही. जाऊ द्या, एवढे काही झाले नाही, असे सांगणारा शेजारी प्रेमळ असतो, पण ज्याच्या हातून खरोखर काही झाले आहे त्याला त्याचा उपयोग होत नाही. त्याच्यापुढे पूर्ण आकडा वाचून, मग तो सोडून देणारा कोणीतरी लागतो.

मराठी मुलखात या अनुभवाची सर्वांत नेमकी नोंद पंडिता रमाबाईंनी ठेवली आहे. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाई वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासह देशभर पायी फिरल्या. दुष्काळात आईवडील आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. आई भुकेने शेवटच्या अवस्थेत असताना तिच्यासाठी भाकरीचा तुकडा मागायला त्या एका बाईच्या दारात गेल्या. तोंडातून मागण्याचा शब्द फुटेना, डोळ्यांतून पाणी मात्र आले. त्या बाईने भाकरी दिली. ती घेऊन त्या परतल्या तेव्हा आईला घास गिळण्याची ताकद उरली नव्हती. ही आठवण त्यांनी १८९७ मध्ये, पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा, लिहून काढली. पुराणांतले हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या, पुढे कलकत्त्यात पंडिता ही पदवी मिळालेल्या या स्त्रीने आपल्या आयुष्यातला सर्वांत असहाय क्षण जसाच्या तसा सांगितला, ही गोष्ट लहान नाही.

१८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले एक घर त्यांनी पाहिले होते, जिथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांना प्रेमाने सांभाळले जाई. आपल्याकडे अशा स्त्रीला दार बंद होते, आणि इथे तिच्यासाठी घर बांधले होते, हे पाहून त्यांनी कारण विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. तिथून त्यांचे मन वळले. तरीही १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे त्यांच्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, ते पुण्याला नेले, बालविधवांना शिकवले. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांच्यात काही उणे दिसत नव्हते. आत मात्र आपल्या पापाची जाणीव त्यांना सोडत नव्हती. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मकथन त्यांच्या हाती आले. हॅस्लम पाळक असूनही स्वतःचेच प्रवचन देता देता बदलले होते. ते वाचून रमाबाईंना उमगले की तारण हे कर्तृत्वाने मिळवायचे नाही, ते दान म्हणून आत्ताच घ्यायचे आहे.

रमाबाईंसारख्या कर्तबगार माणसाला हे कळायला आठ वर्षे लागली, यात नवल वाटण्याचे कारण नाही. कर्तबगार माणसाला दान घेणे सर्वांत जड जाते. जो रोज कष्टाने कमावतो, तो उधार चालवून घेतो, पण फुकट घ्यायला लाजतो. वऱ्हाडातल्या कास्तकाराचा स्वाभिमान हाच आहे, आणि पुष्कळदा तोच त्याला आतून एकटा पाडतो. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आपल्या शरीरातल्या एका काट्याबद्दल सांगितले आहे. तो काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. उत्तर मिळाले ते असे की कृपा पुरेशी आहे आणि दुर्बळपणातच सामर्थ्य पूर्णतेला जाते. काटा नेमका कोणता, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. पौलाने तो सांगितला नाही हे बरेच झाले. त्यामुळे प्रत्येकाला तिथे आपला काटा ठेवता येतो.

रमाबाईंची कृपा फक्त त्यांच्या मनात राहिली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेल्या मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध आले तेव्हा केडगावच्या माळावर त्यांची सोय झाली आणि मुक्ती मिशन उभे राहिले. तिथे त्यांनी एक वेगळे घर काढले, ज्यांना समाज पतित म्हणत होता अशा स्त्रियांसाठी. त्याचे नाव त्यांनी कृपा सदन ठेवले. फुलहॅममध्ये जे पाहून त्या थांबल्या होत्या, ते त्यांनी मराठी मातीत उभे केले.

वऱ्हाडाचा आणि या प्रवाहाचा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत एलिचपूर, अकोला, यवतमाळ अशा ठिकाणी मिशनची कामे सुरू झाली. अकोल्यात काम केलेल्या जेनी फुलर यांनी हिंदी स्त्रियांच्या दुःखांवर लिहिलेल्या, १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाला रमाबाईंची प्रस्तावना आहे. परतवाड्याजवळ कोठारा इथे कुष्ठरोग्यांसाठी मिशनचे रुग्णालय उभे राहिले. १९५५ मध्ये अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला. संख्येने ख्रिस्ती समाज इथे नेहमीच लहान राहिला, आणि दुष्काळात भाकरीसोबत धर्म दिला गेला का, हा प्रश्नही त्याच्या मागे राहिला. तो प्रश्न योग्य आहे. भाकरीच्या बदल्यात मागितलेली श्रद्धा ही कृपेच्या शिकवणीलाच सोडून असते, कारण कृपेला बदला चालत नाही.

या मुलखाच्या कानाला कृपेची भाषा परकीही नव्हती. तुकोबांच्या अभंगांत स्वतःच्या दोषांची उघड कबुली आहे, आणि पंढरीच्या विठोबाला पतितपावन म्हणणारा वारकरी नेमके हेच मागत असतो. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. टिळक तापट होते, संताप ओसरला की कळवळत, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त त्यांचा हा स्वभाव कोणताही आडपडदा न ठेवता दाखवला आहे. धर्म बदलल्याने राग एका दिवसात गेला नाही, हेही त्या पुस्तकात दिसते.

कृपा माणसाला लगेच बदलते, असे समजणारा पुढे निराश होतो. जॉन न्यूटन या इंग्रज खलाशाने १७४८ च्या वादळात देवाचा धावा केला, आणि त्यानंतरही काही वर्षे तो गुलामांची जहाजे चालवत राहिला. पुढे तो पाळक झाला, कृपेवरचे त्याचे गीत जगभर गेले. पण गुलामांच्या व्यापारातला आपला वाटा कबूल करून त्याविरुद्ध त्याने उघडपणे लिहिले ते १७८८ मध्ये. वादळापासून चाळीस वर्षे झाली होती. क्षमा आधी आली, ती पूर्ण समजायला अर्धे आयुष्य लागले. दारू सोडण्याची शपथ घेऊन दोन महिन्यांनी पुन्हा प्यालेल्या माणसाला या दिरंगाईत थोडा धीर सापडतो, आणि त्याच्या बायकोला तो सापडेलच असे नाही. तिचे दुःख मोजल्याशिवाय त्याच्या क्षमेबद्दल बोलणे बरोबर नव्हे.

म्हणूनच मंडळीच्या उपासनेत क्षमेला क्रम दिलेला असतो. प्रभुभोजनापूर्वी पापांगीकार होतो, सगळे मिळून, पाळकासह; कॅथलिक चर्चमध्ये एकेकट्यानेही धर्मगुरूजवळ पापनिवेदन करता येते. त्यानंतर क्षमेची घोषणा, मग भाकर. जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी येशू स्वतःहून जेवायला गेला, आणि त्यानंतर जक्कयाने लुबाडलेले चौपट परत देण्याचे कबूल केले. भरपाई कृपेच्या मागून येते, पण येतेच. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने असेही सांगितले की वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करून यावे. धुऱ्याच्या वादावरून बोलणे तुटलेल्या, एकमेकांच्या लग्नालाही न गेलेल्या वऱ्हाडातल्या भावांना हे समजावताना पाळकाला वेगळा दाखला शोधावा लागत नाही.