अडकलेले पैसे आणि बारा शब्द

मे २०२३चा दुसरा आठवडा. इशाची नमाज पढून मी घरी आलो तेव्हा भाचा ओट्यावर बसलेला होता. लाईट गेलेली, उकाडा मरणाचा, आणि मोबाईलच्या उजेडात त्याचा उतरलेला चेहरा. सलाम-दुआ होण्याआधीच म्हणाला, "मामू, पैसे अटक गए."

मला वाटलं, यूपीआयचं काहीतरी असेल. आमच्या केनवडला नेटवर्कची मर्जी फिरली की चहाचे दहा रुपयेसुद्धा फिरत राहतात. पण हे प्रकरण वेगळं होतं. पोरगा वेबसाइटी बनवतो. परदेशातल्या एका माणसाचं काम त्याने दीड महिना केलं आणि त्या माणसाने मोबदला बिटकॉइनमध्ये पाठवला. रक्कम अडीचशे डॉलर, म्हणजे आपले वीस हजारांच्या आसपास. रविवारी पाठवलेले पैसे सोमवारी रात्रीही 'पेंडिंग' दाखवत होते.

वीस हजार ही शहरात फार मोठी रक्कम नसेल. इथे मे महिन्यात तिचं वजन वेगळं असतं. खरीप तोंडावर आलेला असतो. सोयाबीनचं बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं, सगळं याच दिवसांत निघतं. पोराने वॉलेट उघडलं, वर रक्कम दिसली, आणि त्याने बापाला सांगून टाकलं, "अब्बा, पैसे आले." रकमेखाली बारीक अक्षरात लिहिलेला 'पेंडिंग' हा शब्द त्याने नंतर वाचला. तोवर दुल्हाभाईंनी कृषी केंद्रवाल्याला शब्द देऊन बियाण्याच्या बॅगा बाजूला ठेवायला लावल्या होत्या.

मी गणिताचा मास्तर. बिटकॉइनचं मला तेव्हा काही कळत नव्हतं, आणि पोरालाही कामापुरतंच कळत होतं. दोन नवशिके बसलो. त्या रात्री आणि पुढच्या चार दिवसांत जे समजलं ते लिहून ठेवतो, कारण त्यानंतर आणखी दोन-तीन पोरं हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आली.

पहिली गोष्ट. बिटकॉइन पाठवलं की ते थेट समोरच्याच्या खात्यात पडत नाही. आधी ती नोंद सगळ्या जगाच्या एका प्रतीक्षागृहात जाते. त्याला मेमपूल म्हणतात. तिथून मायनर नोंदी उचलतात आणि एका ब्लॉकमध्ये बसवतात. सरासरी दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक निघतो आणि त्यात काही हजार नोंदी मावतात. एसटीसारखंच आहे. गाडीत जागा ठरलेली, स्टँडवर गर्दी कितीही असो. फरक एवढाच की इथे रांग नाही. जो जागेच्या मानाने जास्त भाडं देतो तो आधी चढतो.

हे भाडं सातोशीत मोजतात. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी. साधी नोंद साधारण १४० व्हर्च्युअल बाइटची असते आणि दर बाइटमागे ठरतो. त्या रात्री पुढच्या ब्लॉकमध्ये जागा मिळवायची तर दर तीनशेच्या वर गेला होता. म्हणजे बेचाळीस हजार सातोशी, तेव्हाच्या भावाने साडेनऊशे रुपयांच्या आसपास. आमची नोंद निघाली होती चोवीसच्या दराने.

एवढी गर्दी का, तेही नंतर कळलं. त्या वर्षी बिटकॉइनच्या साखळीवर बीआरसी-२० नावाचे नवे टोकन काढण्याची लाट आली होती आणि लाखो नोंदी मेमपूलमध्ये तुंबल्या होत्या. ७ मेला बायनान्ससारख्या जगातल्या सगळ्यात मोठ्या एक्स्चेंजला बिटकॉइन काढण्याची सोय काही वेळ बंद ठेवावी लागली. मायनरला तेव्हा एका ब्लॉकमागे ६.२५ बिटकॉइनचं बक्षीस मिळायचं. त्या दिवशी एका ब्लॉकमधलं नुसतं भाडंच त्याहून जास्त झालं. तिकडे कुणी गंमत म्हणून टोकन काढत होतं आणि इकडे केनवडला बियाण्याचे पैसे स्टँडवर उभे होते.

पण हे सगळं कळण्याआधी एक गोष्ट घडली, आणि या लेखाचं कारण खरं तर तीच आहे.

माझ्याकडे येण्याआधी पोराने टेलिग्रामच्या एका ग्रुपवर प्रश्न टाकला होता. मिनिटाभरात उत्तर आलं. नाव 'सपोर्ट', फोटोच्या जागी वॉलेट कंपनीचं चिन्ह. भाषा इतकी अदबीची की सरकारी कचेरीत आयुष्यभर कुणी आपल्याशी तसं बोललेलं नसतं. "सर, आपका वॉलेट सिंक नहीं हुआ है, घबराइए मत." सोबत एक लिंक. लिंकमध्ये बारा रकाने, आणि त्यात वॉलेटचे बारा शब्द भरायचे. वॉलेट बनवताना जे बारा शब्द कागदावर लिहून घ्यायला सांगतात, ते. माझ्याशी बोलता बोलता पोरगा ते भरत होता. सात भरून झाले होते.

मला बारा शब्दांचं शास्त्र माहीत नव्हतं. मी फक्त विचारलं, "हे शब्द कशाला लागतात?" तो म्हणाला, "ये तो चाबी है मामू. फोन गया तो इसीसे वॉलेट वापस आता है." मग मी म्हटलं, "बेटा, रिसोडची गाडी कधी येणार हे विचारायला गेलो तर कंडक्टर आपल्या घराची किल्ली मागतो का?"

त्याचा अंगठा थांबला. त्याच वॉलेटमध्ये आधीच्या दोन कामांचेही थोडे पैसे होते. आणखी पाच शब्द, आणि सगळंच गेलं असतं.

नंतर मी यावर खूप विचार केला. पोरगा मूर्ख नाही. मग सात शब्दांपर्यंत गेला कसा? तर घाबरलेल्या माणसाला विचारायला कुणीतरी हवं असतं. मनीऑर्डर आली नाही तर आपण पोस्टमनला विचारायचो. बँकेत अडकलं तर मॅनेजरसमोर उभं राहता येतं, भांडता येतं. 'हवाला' हा शब्दसुद्धा आपल्या फिक्हमधला. एकाच्या अंगावरचं देणं दुसऱ्याच्या अंगावर सोपवणं. आज तो बदनाम आहे, आणि बेकायदा देवाणघेवाणीमुळे त्याची बदनामी खरीही आहे. पण त्यातही दोन्ही टोकांना माणूस असायचा. बिटकॉइनमध्ये तो माणूसच नाही. तिथे मॅनेजर नाही, खिडकी नाही, तक्रारवही नाही. हे त्याचं बलस्थान म्हणून सांगतात. असेलही. पण नवशिका त्या रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहून हाक मारतो, आणि चोर नेमका त्या खुर्चीत येऊन बसतो.

म्हणून पैसे अडकले तर माणूस शोधू नका, आधी नोंद शोधा. प्रत्येक व्यवहाराला चौसष्ट अक्षर-अंकांचा एक क्रमांक असतो. त्याला टीएक्सआयडी किंवा हॅश म्हणतात. तो ब्लॉक एक्स्प्लोररवर टाकायचा. ही सगळ्यांसाठी खुली वही असते. बिटकॉइनसाठी आम्ही मेमपूल डॉट स्पेस वापरलं. तिथे लॉगिन नाही, पासवर्ड नाही.

मग तीनच शक्यता उरतात. पाठवणाऱ्याकडे असा क्रमांकच नसेल, तर पैसे अजून निघालेलेच नाहीत. त्याच्या एक्स्चेंजकडे पडून आहेत. क्रमांक आहे पण नोंद 'अनकन्फर्म्ड' आहे, तर ती स्टँडवर उभी आहे. आणि नोंद कन्फर्म झाली तरी तुमच्या खात्यात दिसत नसेल, तर अडचण तुमच्या एक्स्चेंजच्या बाजूला. ते काही ठरावीक कन्फर्मेशनची वाट पाहत असतील, किंवा नेटवर्क वेगळं निवडलं गेलं असेल, किंवा मेमो लिहायचा राहिला असेल. अशा वेळी त्यांच्या अॅपमधूनच तक्रार करायची, गुगलवर सापडलेल्या नंबरवर कधीच नाही.

आमची गोष्ट दुसऱ्या प्रकारातली. तिथे दोन इलाज असतात. पाठवणारा तोच व्यवहार जास्त भाड्याने पुन्हा पाठवू शकतो. त्याला आरबीएफ म्हणतात. किंवा घेणारा त्या न आलेल्या पैशांतूनच पुढचा एक व्यवहार मोठ्या भाड्याने करतो, म्हणजे त्याच्या लोभाने मायनर दोन्ही उचलतो. दुसरा इलाज आम्हाला झेपणारा नव्हता. आणि काहीच केलं नाही तर? बहुतेक संगणक साधारण चौदा दिवसांनी अशी नोंद विसरतात, आणि गर्दी फार झाली तर कमी भाड्याच्या नोंदी त्याआधीच बाहेर काढतात. तेव्हा पैसे नाहीसे होत नाहीत. ते पाठवणाऱ्याकडून मुळात गेलेलेच नसतात.

हे वाचलं आणि पोराचा श्वास जागेवर आला. पैसे हरवलेले नव्हते. पण त्याचेही झालेले नव्हते.

आपल्याकडे यासाठी एक शब्द आहे, कब्जा. जो माल ताब्यात आलेला नाही तो पुढे विकू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. क्रिप्टो हलाल की हराम यावर आलिमांचं एकमत नाही. इजिप्तच्या मुफ्तींनी जानेवारी २०१८मध्ये बिटकॉइनच्या विरोधात फतवा दिला. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने नोव्हेंबर २०२१मध्ये चलन म्हणून त्याला हराम ठरवलं, माल म्हणून मात्र अटी घालून थोडी वाट ठेवली. मी मुफ्ती नाही, त्यात पडत नाही. पण 'पेंडिंग' या शब्दाचा अर्थ मला कब्जाच्या धड्यातूनच नीट कळला. पोराची चूक बिटकॉइन घेण्यात होती की नाही ते अल्लाह जाणे. "पैसे आले" म्हणण्यात मात्र नक्की होती. त्याच्या त्या एका वाक्यावर बापाने आपली जबान दिली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन कृषी केंद्रात गेलो. म्हटलं, तूच सांग. त्याने खाली मान घालून सांगितलं, "काका, पैसे आले नाहीत. मी चुकून आले म्हणालो." दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, "अरे, पाऊस कुठं आलाय अजून? ठेवतो बॅगा." त्याचं बोलणं खरंच ठरलं. त्या वर्षी मान्सून केरळातच ८ जूनला पोचला, आणि आमच्याकडे मृग कोरडा गेला.

काम देणाऱ्या माणसाला पोराने क्रमांकासह नीट मेल लिहिला. त्याच्या वॉलेटमध्ये आरबीएफची सोय होती. दोन दिवस त्याचं उत्तर नाही. शुक्रवारी त्याने भाडं वाढवलं. तोवर गर्दीही ओसरली होती. जुम्याच्या नमाजीहून आलो तर पोरगा दारात उभा. पहिलं कन्फर्मेशन पडलं होतं. या वेळी घरात "आले" म्हणाला नाही. सहा कन्फर्मेशन होईपर्यंत तासभर थांबला, मग बापाला सांगितलं.

पुढे ते रुपयात आणताना आणखी शिकायला मिळालं. विकताना १ टक्का टीडीएस कापला गेला, जो १ जुलै २०२२पासून लागू आहे. नफा झाला तर त्यावर ३० टक्के कर, तो १ एप्रिल २०२२पासून. एक ओळखीचा म्हणाला, "अनोळखी माणसाला थेट विक, कर वाचेल." नाही म्हटलं. अशा व्यवहारात समोरून चोरीचा पैसा आला तर आपलंच बँक खातं गोठतं, आणि मग महिनोन्महिने खेटे.

एक्स्चेंजवर ठेवलेलं म्हणजे हातात आलेलं, असंही समजू नये. मुंबईत सुरू झालेल्या वझीरएक्सवर १८ जुलै २०२४ला हल्ला झाला आणि सुमारे तेवीस कोटी डॉलरची मालमत्ता गेली. लोकांचे पैसे अडकले आणि तिथले व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. तेही 'पेंडिंग'च, पण त्याला कुठलं भाडं वाढवून इलाज नव्हता.

शेवटचा एक प्रकार सगळ्यात वाईट. अॅपवर नफा दिसतो, काढायला गेलं की 'विथड्रॉवल पेंडिंग, आधी टॅक्स भरा'. तिथे पेंडिंग काहीच नसतं, सगळं आधीच गेलेलं असतं. आणखी एक रुपया न भरता १९३०वर फोन करा. जेवढ्या लवकर कराल तेवढं बरं.

भाचा आता परदेशातल्या कामाचे पैसे बँकेतूनच घेतो. थोडे कमी हातात पडतात, पण विचारायला खिडकी आहे. त्या रात्रीनंतर त्याने जुनं वॉलेट रिकामं करून नवं बनवलं, कारण सात शब्द परक्या रकान्यात गेले होते. नवे बारा शब्द कागदावर लिहून बहिणीने ते तिच्या लोखंडी पेटीत ठेवले आहेत, सातबाऱ्याच्या उताऱ्याखाली. ते कशाचे आहेत हे तिला माहीत नाही. कुणी मागितले तर द्यायचे नाहीत, एवढं तिला पक्कं ठाऊक आहे.