उतारावरचे गुंठे

मुळशी-मावळात डोंगरउतारावर जागा घेतलेल्या माणसाचं पहिलं भांडण शेजाऱ्याशी होत नाही, टेपशी होतं. सातबाऱ्यावर 20 आर. मुलाला पलीकडच्या टोकाला उभं करून त्याने रविवारी स्वतः टेप ताणलेला असतो, आणि जागा कागदापेक्षा जास्त भरल्याच्या आनंदात तो मला बोलावतो. मी टोटल स्टेशन लावतो. आकडा खाली येतो. ‘‘मग अर्धा-पाऊण गुंठा गेला कुठे?’’

कुठेही नाही. टेप गवतावरून, उतारावरून गेला होता. नकाशा आडव्या अंतराचा असतो. चार फुटांना एक फूट उतार असेल, तर जमिनीवरचे शंभर फूट कागदावर सत्त्याण्णव होतात. वीस आरांत हा फरक साठेक चौरस मीटरचा. पुण्यात तेवढ्यात वन बीएचके बसतो, त्यामुळे मालकाचा चेहरा पडणं मी समजू शकतो.

जुन्या भूकरमापकांकडे उताराचं गणित करणारं यंत्र नव्हतं. ते साखळी आडवी, तंग धरत, अधांतरी टोकाला ओळंबा सोडत आणि तो टेकेल तिथून पुढचा टप्पा घेत पायरीपायरीने डोंगर उतरत. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे 1089 चौरस फूट, आपला गुंठा. जुन्या टिपणांवर आजही साखळी-आण्यांतली मापं असतात. ती मीटरमध्ये आणून मी जागेवर बसवतो तेव्हा करवंदीच्या जाळीत हद्दीचा दगड बरेचदा सापडतो, आणि त्या माणसांबद्दल आदर वाटतो. मात्र मालकाला आधीच बजावतो : हद्द कायम करायची तर भूमी अभिलेखकडे अर्ज करा, क प्रत घ्या. माझा नकाशा घर कुठे बांधायचं ते ठरवायला आहे, कोर्टात न्यायला नाही.

घर कुठे, यावर दुसरं भांडण. वर खडकाळ वरकस, खाली छान सपाट खाचर. सगळ्यांचं बोट खाचराकडे जातं; खोदाई नको, भराव नको, गाडी थेट दारात. पण डोंगरउतारावर सपाट जागा आयती मिळत नाही. कुणाच्या तरी आजा-पणजाने ताली घालून, वरची माती खाली ओढून ती केलेली असते, आणि ती पाणी कोंडायलाच. मार्चमध्ये तिथे भेगा दिसतात, जुलैत पोटरीभर चिखल. बांधावर उभे असलेले एक आजोबा एकदा मालकाला म्हणाले, ‘‘सायेब, घर बांधा की. भात लावायचं तेवढं हॉलमधी लावा.’’

मालक हसले नाहीत, पण घर वरकसावर गेलं. मुरूम टणक, पाया उथळ. खर्च वाढला तो जोत्याच्या खालच्या बाजूला आणि रस्त्याच्या वळणाला. तिथे समपातळी रेषा दाटीने येतात, गाडी सरळ चढवता येत नाही.

खाचराचं लॉन करायचा त्यांचा विचार अजून आहे. करोत बापडे. वरच्या बांधातून पाणी आत येतं आणि खालच्यातून पुढच्या शेतात जातं, त्या दोन्ही जागा मी नकाशावर लाल रंगात दाखवल्यात आणि शेजारी लिहिलंय : इथे भिंत घालू नये.